चौदाचे सदतीस: रोख की कार्ड, एका घराचा सतरा महिन्यांचा हिशेब

मैत्रिणीने क्रेडिट कार्डाची अकरा महिन्यांची स्टेटमेंटं टेबलावर ओळीने मांडली आणि विचारलं, "आम्ही दर महिन्याला जेवढं खर्च करतो तेवढं भरतो. त्यात कधी कमी केलं नाही. मग बाकी वाढते कुठून?"

तिचा नवरा शेजारीच उभा होता. त्याची काळजी वेगळी होती. "बाकीचं बघू गं. पण ही कार्डच बंद करायचं म्हणते आहे. कार्डावर पॉइंट मिळतात, सूट मिळते. रोखीने काय मिळतं?"

मी हिशेब तपासण्याचं काम करते, त्यामुळे असे कागद माझ्यापुढे नेहमीच येतात. पण या घरात एक सोय होती. दोघांचा पगार ठरलेला, स्टेटमेंटं एकही गहाळ नाही, आणि प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत धीर धरायची दोघांची तयारी. म्हणून वाद घालण्यापेक्षा मोजून बघायचं ठरलं. पुढचे सहा महिने धरून एकूण सतरा महिन्यांचा हिशेब माझ्याकडे जमला. तो त्यांच्या परवानगीने इथे मांडते आहे. खरे आकडे त्यांचे खासगी आहेत, म्हणून दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न १०० धरलं आहे. बाकीचे सगळे आकडे त्या १०० पैकीचे.

सुरुवातीची घडी अशी होती. १०० पैकी ५० घराचा हप्ता, विमा, शिक्षण, वीज अशा बांधलेल्या खर्चात थेट खात्यातून जात. ४ किरकोळ रोखीत. ६ मुदत ठेवीत. आणि ४० कार्डावर. खरा प्रश्न या ४० चा होता. त्यातले १८ किराणा आणि घरगुती गरजेच्या वस्तूंचे, ६ प्रवासाचे आणि १६ बाकी सगळ्याचे: कपडे, बाहेर खाणं, भेटवस्तू, फोनवरून मागवलेलं काहीबाही. या १६ ला आम्ही "न ठरवलेला खर्च" असं नाव दिलं, कारण त्यातली बहुतेक खरेदी घरातून निघताना ठरलेली नसायची. नाव साधंच आहे, पण पुढे सगळा हिशेब त्याच्याभोवती फिरला.

बाकी वाढली कुठून

अकरा महिन्यांपूर्वी एका दुरुस्तीमुळे बिल ४४ चं आलं होतं. त्यांनी ३० भरले, १४ ठेवले. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणून. त्यानंतर ती म्हणते ते अक्षरशः खरं आहे: दर महिन्याला ४० ची खरेदी आणि ४० चाच भरणा. तरीही अकराव्या महिन्याअखेर ते १४ वाढून ३७ झाले होते.

कार्डाचा व्याजदर महिना ३ टक्के. ऐकायला हलका वाटतो. चक्रवाढीने वर्षाचे ४२ टक्क्यांच्या वर जातात. पण तेवढ्यानेही १४ चे ३७ होत नाहीत. १४ वर महिना ३ टक्के अकरा महिने लावले तर १९.४ येतात. उरलेले जवळजवळ १८ कुठून आले, हे शोधताना आम्ही पहिल्या व्याजाच्या ओळीवर बराच वेळ थांबलो.

त्या ओळीत १.८२ व्याज लागलं होतं. १४ चे ३ टक्के म्हणजे फक्त ०.४२. तिने कॅल्क्युलेटरवर दोनदा गुणून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. उरलेले १.४ त्या जुन्या बाकीचे नव्हतेच. ते रोजच्या नव्या खरेदीचे होते.

कार्डाची गंमत अशी आहे की पूर्ण बिल भरणाऱ्याला व्याजमुक्त मुदत मिळते. यांच्या कार्डाचं बिल ३० दिवसांनी निघायचं आणि भरायला पुढे २० दिवस मिळायचे. म्हणजे चक्राच्या पहिल्या दिवशी घेतलेल्या वस्तूला ५० दिवस बिनव्याजी, शेवटच्या दिवशी घेतलेलीला २० दिवस. पण एकदा बिल अर्धवट भरलं की बहुतेक कार्डांवर ही सवलत संपते, आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज चढू लागतं. महिनाभरात शून्यापासून ४० पर्यंत हळूहळू वाढणारी खरेदी म्हणजे सरासरी २०. मागच्या महिन्याचे ४० आणखी २० दिवस थकीत, म्हणजे महिन्याच्या सरासरीने २६.७. दोन्ही मिळून ४६.७. त्यावर ३ टक्के म्हणजे १.४. हेच ४६.७ आधी त्यांना फुकट वापरायला मिळत होते. १४ न भरल्याने ते सगळे व्याजाखाली आले.

"म्हणजे कालचा किराणासुद्धा व्याजाने घेतला?" तिने विचारलं. हो, तसंच होतं. आणि मिळणारे पॉइंट खरेदीच्या १ टक्का, म्हणजे महिन्याला ०.४. पहिल्या महिन्यात व्याज त्याच्या साडेचारपट, अकराव्यात २.४५, म्हणजे सहापट. नवऱ्याने पॉइंटचा आकडा स्वतःच वहीत लिहिला आणि त्याखाली व्याजाचा. त्यानंतर पॉइंटचा विषय त्याने काढला नाही, निदान त्या दिवशी.

त्याने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. बिलावर किमान देय रक्कम २-३ च्या आसपास छापलेली असायची. "आम्ही ४० भरत होतो. किमान रकमेच्या किती पट! मला वाटायचं, आपण तर जबाबदारीने भरतो आहोत." नील स्ट्युअर्ट या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: बिलावर किमान रक्कम छापलेली असली की अर्धवट भरणारे लोक त्या आकड्याकडे ओढले जाऊन कमी भरतात. इथे ओढ उलट्या बाजूने दिसली. त्या बारीक आकड्याशेजारी ४० मोठे दिसत होते, आणि ५४ मधून ४० भरणं म्हणजे बिल पूर्ण न भरणंच आहे, हे झाकलं जात होतं.

ठेव मोडण्याचा वाद

आता सगळ्यात नाजूक भाग. ज्या अकरा महिन्यांत बाकी १४ वरून ३७ वर गेली, त्याच अकरा महिन्यांत मुदत ठेव २४ वरून ९० वर गेली होती. महिन्याला ६ नेमाने. म्हणजे ३ टक्क्यांनी उसने घेऊन अर्ध्या टक्क्याने साठवणं चालू होतं. पहिल्या दिवशीचे १४ भरायला ठेवीत २४ होतेच.

याबद्दल त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही, कारण हे फार लोक करतात. डेव्हिड ग्रॉस आणि निकोलस सोलेलिस यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कार्डधारकांच्या अभ्यासात हेच कोडं नोंदवलं आहे: कार्डावर व्याज भरणाऱ्या बऱ्याच घरांकडे त्याच वेळी कमी व्याज देणारी शिल्लक पडून असते. माणूस पैसा मनातल्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो. ठेवीच्या डब्यावर "अडीअडचण" असं लिहिलेलं असतं, आणि कार्डाची बाकी त्याला अडचण वाटत नाही.

"आणि उद्या खरंच काही झालं तर?" तो म्हणाला. "९० मोडून १३ उरतील. मग?"

मुद्दा रास्त होता. मी एवढंच सांगितलं की अडचण आलीच, तर मोकळं झालेलं कार्ड तेव्हा वापरता येईल, फक्त तेव्हाही व्याज आजच्याएवढंच लागेल. आज जे व्याज लागतं आहे ते मात्र अडचण येण्याआधीच लागतं आहे. कार्डाची मर्यादा बँक कमी करू शकते, म्हणून तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये हेही बोलले. दोघांनी दोन दिवस घेतले आणि ठेव मोडली. बिल ७७ चं होतं, ३७ जुने आणि ४० त्या महिन्याचे. बिल निघाल्यावर तिसऱ्या दिवशी पूर्ण भरलं, आणि बिल निघालेल्या दिवसापासून कार्ड बाजूला ठेवलं.

पुढच्या महिन्यात तरीही ०.२३ चं बिल आलं. ती चिडलीच. बिल निघण्याच्या आणि भरण्याच्या मधल्या तीन दिवसांचं ७७ वरचं ते व्याज होतं. पूर्ण भरलं म्हणून पुढचं बिल उघडूनही न बघणारा माणूस नेमका इथे फसतो, आणि त्या ०.२३ वर उशिराचा दंड बसतो.

ठेवीवर बुडालेलं व्याज वजा करता महिन्याला साधारण २.१ वाचू लागले. एकही वस्तू कमी न घेता. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण पुढे रोखीने पैसे वाचले असं दोघं म्हणू लागले तेव्हा त्यात हे २.१ सुद्धा मिसळले जात होते. रोखीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

आणखी एक बदल झाला, जो आकड्यांत पटकन दिसत नाही. आधी या महिन्याचा पगार मागच्या महिन्याचं बिल भरायला जायचा. पगार येताना तो आधीच संपलेला असायचा. ७७ भरल्यावर पहिल्यांदाच चालू महिन्याचा पगार चालू महिन्यासाठी मोकळा झाला. कार्ड सोडून रोखीवर येणाऱ्यांची पहिली दमछाक इथेच होते: जुनं बिल आणि नवा खर्च एकाच पगारातून भागवावे लागतात, आणि दोन आठवड्यांत माणूस पुन्हा कार्डाकडे वळतो. ठेव नसती तर यांचंही तेच झालं असतं, असं मला वाटतं.

रोखीचे तीन महिने

पगाराच्या दिवशी ४० काढायचे, चार पाकिटांत दहा-दहा घालायचे, आठवड्याला एक पाकीट. उरले तर महिन्याअखेर परत खात्यात. नियम एवढाच. "कमी खर्च करा" असं मी कुठेही म्हटलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात ३१ गेले. दुसऱ्यात ३४. तिसऱ्यात ३७. सरासरी ३४. आधीच्या अकरा महिन्यांची सरासरी ४०, आणि हंगामाचा फरक नको म्हणून मागच्या वर्षीचे तेच तीन महिने वेगळे काढले, तर तेही ४० च्याच आसपास. म्हणजे वरवर पाहता महिन्याला ६ वाचले. ती खूश. तो गप्प.

या तीन महिन्यांतला एक प्रसंग तिने मला जसा सांगितला तसा लिहिते. दुकानात एक दिवा तिला आवडला. टेबलावर ठेवायचा, छोटा. पिशवीत पाकीट होतं, त्यात तीन नोटा. आठवड्याचे चार दिवस बाकी. तिने नोटा बाहेर काढल्या, अंगठ्याने सरकवून मोजल्या, एक दिव्यासाठी वेगळी केली, उरलेल्या दोन परत मोजल्या. मग दिवा जागेवर ठेवला. "कार्ड असतं तर मी किंमतसुद्धा नीट बघितली नसती," ती म्हणाली. "मला दिवा नको होता असं नाही. पण दोन नोटा उरलेल्या मला दिसल्या."

द्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये पैसे देतानाच्या या बोचणीवर सविस्तर लिहिलं: वस्तू घेण्याचा आनंद आणि पैसे जाण्याचं दुःख एकाच क्षणी आले तर माणूस हात आखडतो. कार्ड या दोन क्षणांमध्ये काही आठवड्यांचं अंतर घालतं, आणि वरून चाळीस खरेद्या एकाच आकड्यात मिसळून टाकतं. त्याच प्रेलेक यांनी डंकन सिमेस्टर यांच्याबरोबर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात बास्केटबॉलच्या तिकिटांचा बंद बोलीचा लिलाव केला. २००१ मध्ये छापून आलेल्या त्या निकालात, कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांची सरासरी बोली रोखीवाल्यांच्या दुपटीच्या घरात होती. बोचणीपेक्षाही पुढची गोष्ट २०२१ च्या एका प्रयोगात दिसली. मेंदूचं स्कॅनिंग करताना कार्डाचं चिन्ह समोर येताच बक्षिसाशी निगडित भाग जागा झाला, आणि वस्तूची किंमत किती आहे याचा त्याच्याशी संबंध नव्हता. पैसे जाण्याचं दुःख कमी होतं एवढंच नव्हे, तर कार्ड पाहून हवंहवंसं वाटणंही वाढतं, असा त्याचा रोख आहे.

हे सगळं मला पटतं. तरीही त्या सहाच्या आकड्यावर मी सही केली नाही.

सहातले खरे किती

१८ चा किराणा १७.५ झाला, म्हणजे जवळजवळ तेवढाच राहिला. प्रवास ६ चा ६. घट झाली ती सगळी न ठरवलेल्या खर्चात: १६ वरून ९. शिवाय दर महिन्याला १.५ असे निघाले की ते कुठे गेले कोणालाच सांगता येईना. कार्डाच्या स्टेटमेंटवर प्रत्येक ओळ असते. नोटा मात्र शांतपणे निघून जातात. तेही न ठरवलेल्यातच धरले, म्हणजे १६ वरून १०.५, घट ५.५.

त्या ५.५ पैकी ४ फोनवरच्या खरेदीतून गळाले होते. तिथे रोख चालतच नव्हती, किंवा चालवायला नको त्या खटपटी होत्या. म्हणजे हे ४ नोटा मोजण्याच्या बोचणीने वाचले नव्हते. दारच बंद होतं म्हणून वाचले. त्यातही २ खरे वाचलेच नव्हते: घरातलं एक यंत्र बदलायचं होतं, एकूण ६ चं, ते प्रयोग संपेपर्यंत पुढे ढकललं होतं. चौथ्या महिन्यात ते आलंच. दुकानातल्या खरेदीतली घट १.५. दिवा त्यातच आला.

मग हाती उरलं काय? फोनवरचे २, दुकानातले १.५, किराण्यातले ०.५. महिन्याला ४, म्हणजे कार्डावरच्या खर्चाचा दहावा भाग. त्यातून बुडालेले पॉइंट ०.४ वजा करायचे. ही बचत लहान नाही. कार्डाचे समर्थक पॉइंट मोजतात तेव्हा त्यांनी ही बाजूही मांडावी: १ टक्का पॉइंटसाठी कार्ड वापरल्यामुळे १ टक्का जरी जास्त खरेदी झाली, तरी फायदा तिथेच संपतो. या घरात ती साधारण ११ टक्के जास्त होत होती.

३१, ३४, ३७ हा चढही मला खटकला. पहिल्या महिन्यात सगळेच काटेकोर वागतात, आपल्याकडे कोणी बघतं आहे म्हणून. शिवाय तिसऱ्या महिन्यात त्यांनी सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून लहान नोटा घ्यायला सुरुवात केली होती. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांच्या २००९ च्या प्रयोगांत हे आढळलं आहे: तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत असेल तर माणूस ती मोडायला कचरतो, सुट्ट्या नोटा मात्र सहज खर्च करतो. या घरातला चढ नक्की त्यामुळेच आला असं मी म्हणणार नाही, तीन महिन्यांवरून ते सांगता येत नाही. पण रोखीची धार बोथट होते, हे दिसलं.

रोखीचा त्रासही होता. दुसऱ्या महिन्यात एक पाकीट दोन दिवस सापडलं नाही, आणि ते दोन दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. पाकीट पुस्तकात निघालं. कार्ड हरवलं की एक फोन करून बंद करता येतं. हरवलेली नोट ज्याला सापडते त्याची.

एका प्रश्नावर आम्ही थोडंच बोललो, कारण त्यांच्या आकड्यांत तो छोटा होता: दुकानदाराची बाजू. कार्डाने पैसे घेतले की विक्रेत्याला शुल्क द्यावं लागतं, आणि ते शेवटी सगळ्यांसाठीच्या किमतीत मिसळतं. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने त्या शुल्कातल्या बँकांमधल्या वाट्याला क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. जिथे अशी मर्यादा नाही तिथे तो वाटा जास्त असतो, आणि पॉइंटचे पैसे बहुतांशी तिथूनच येतात. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेपुरता हिशेब मांडला होता: रोख वापरणारं सरासरी घर कार्डवाल्यांसाठी वर्षाला १४९ डॉलर जास्त मोजतं, आणि कार्ड वापरणाऱ्या घराला १,१३३ डॉलरचा लाभ होतो. म्हणजे विक्रेता रोखीला सूट देत नसेल, तर रोखवाला दुसऱ्याच्या पॉइंटचे पैसे भरतो. यांना तीन महिन्यांत रोखीवर सूट दोनदाच मिळाली, दोन्ही वेळा स्वतः मागितली म्हणून. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण ज्यांना कार्ड मिळतच नाही तेही हा भार उचलतात.

मधला मार्ग, आणि तो कशावर उभा आहे

चौथ्या महिन्यापासून घडी बदलली. किराणा आणि प्रवास पुन्हा कार्डावर, कारण तिथे रोखीने ०.५ च्या पलीकडे काही वाचलं नव्हतं. न ठरवलेल्या खर्चासाठी महिन्याला १२ रोख, मोठ्या नोटांत, तीन-तीनच्या चार पाकिटांत. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते: दोघांच्या फोनमधून, प्रत्येक ॲपमधून, साठवलेला कार्ड नंबर काढून टाकला. कार्ड कपाटात. फोनवरून काही मागवायचं तर उठून कार्ड आणायचं आणि सगळे आकडे हाताने टाकायचे.

ती म्हणाली, "रात्री पलंगावरून उठावं लागतं ना, तेवढ्यात मी विसरून जाते मला काय हवं होतं."

तीन महिन्यांचा खर्च सरासरी ३६: १८, ६ आणि १२. जुन्या ४० पेक्षा ४ कमी. रोखीच्या महिन्यांतली ढकललेली खरेदी वगळून जी खरी बचत उरली होती, तेवढीच. पॉइंट ०.२४ परत आले. हिशेबाला ओळी मिळाल्या, दीड भागाची गळती दिसेनाशी झाली. आणि या वेळी चढ नव्हता, तिन्ही महिने ३६ च्या थोडे इकडेतिकडे. माझ्या मते याचं कारण असं की इथे कोणाला रोज मन घट्ट करावं लागत नव्हतं. निर्णयाच्या आणि पैसे देण्याच्या मध्ये एक लहान अडथळा होता, एवढंच. नोट हाही तसाच अडथळा आहे. म्हणून फोनवरून स्कॅन करून लगेच खात्यातून जाणारे पैसे मी रोखीत धरत नाही. उधारी त्यात नाही हे खरं, व्याजाचा धोकाही नाही, पण हाताला काहीच जाणवत नाही. तसे पैसे देणाऱ्यांनी आपण रोखीच्या बाजूचे आहोत असं समजू नये.

कार्डाचं बिल तो आता दर शनिवारी भरतो. देय तारखेची वाट बघत नाही. बिनव्याजी मुदतीचा थोडा फायदा त्यात सुटतो. मी तसं सांगितलंही. त्यावर तो म्हणाला, "असू दे. शनिवारी भरलं की आठवड्यात काय गेलं ते मला कळतं. महिन्याने कळलं तर काय उपयोग?"

ठेव १३ वर आली होती. रोखीच्या तीन महिन्यांत ३६ पडले, नंतरच्या तीन महिन्यांत ३०, त्यातून यंत्राचे ६ गेले. सहाव्या महिन्याअखेर ७३. पूर्वीचे ९० व्हायला अजून दोन महिने लागतील, आणि या वेळी दुसऱ्या बाजूला कोणतीही बाकी नाही. गेल्या आठवड्यात ती पुन्हा त्या दुकानात गेली होती. महिन्याचं शेवटचं पाकीट, त्यात पाच दिवस आधीच दोन नोटा शिल्लक. दिवा अजून तिथेच होता. तिने तो घेतला, रोख देऊन.